चपला बाहेर काढाव्यात

चप्पलमामाला माणसांचे चेहरे लक्षात राहायचे नाहीत, चपला राहायच्या. रस्त्यात कुणी हाक मारली की तो आधी खाली बघायचा आणि मग ओळख द्यायचा. "अंगठा शिवलेली कोल्हापुरी... म्हणजे सावंत!"

काळाचौकीत आमच्या चाळीसमोर व्हिडिओ गेम पार्लर होतं. नाव पोरांच्या खेळाचं, धंदा उघडउघड जुगाराचा. नाणं टाका, बटण दाबा, तीन चित्रं सारखी आली तर घंटा, नाही तर पुन्हा नाणं. मामा तिथला मेकॅनिक. मशीन अडलं की तो त्याच्या बगलेत एक थाप द्यायचा आणि ते सुरू व्हायचं. बाकीचा वेळ दारातल्या स्टुलावर बसून चपला राखायचा. कारण मालकाने आत लाल गालिचा घातला होता आणि दारावर पाटी लावली होती: 'चपला बाहेर काढाव्यात.'

त्या पाटीने मालकाचाच घात केला. आत कोण बसलंय हे अख्ख्या गल्लीतल्या बायकांना रस्त्यावरूनच कळायचं. बाबांच्या चपला दिसल्या की आई त्यातली एकच उचलून घरी आणायची. मग बाबा लंगडी घालत जिना चढायचे आणि तिन्ही मजले हसायचे. एकदा ते मामावर उखडले, "अहो, तुम्ही राखणदार ना?"

"जोडाचा," मामा म्हणाला. "एकट्या चपलेची जबाबदारी आपण घेत नाय."

मी कॉलेजात गेले, संघटनेत शिरले आणि पहिलं पत्रक पार्लरविरुद्धच काढलं. त्यात 'भस्मासुर' चार वेळा होता. मामाला तोंडावर सांगितलं, "तुम्ही या लुटीचे भागीदार आहात!" त्याने स्टुलावर बसून पत्रक शेवटपर्यंत वाचलं. "बरा लिवलंस गो. पन भस्मासुर एकदाच पुरे. तो एकटाच होता." वर पन्नास प्रती मागून घेतल्या. मला वाटलं, माणूस फुटला! दुसऱ्या दिवशी बघते तर प्रत्येक जोडाखाली एक भस्मासुर.

मी भडकले. तो शांतपणे म्हणाला, "चप्पल घालताना मानूस खाली बघतो. तेवढाच वाचतो. तुझ्या हातातून कोन घेतो काय?"

पुढे दारातले जोड कमी होत गेले. विसाचे बारा, बाराचे चार. एक दिवस शटर पडलं ते पडलंच. आम्ही फटाके लावले, पेढे वाटले. मामाने पेढा खाल्ला आणि म्हणाला, "तुम्ही नाय गो बंद केलंत. मशीनं एकेक करून गिऱ्हाइकांच्या खिशात गेली." हा माणूस आमचा विजयसुद्धा धड साजरा करू देईना!

मालवणला कायमचा जायला निघाला तेव्हा ती पाटी त्याने माझ्या हातात ठेवली.

"मी काय करू हिचं?"

"ठेव. फोनला उंबरा नसता गो."

मी पाटी माळ्यावर टाकली. म्हातारा आहे, बोलतो काहीतरी, असं तेव्हा वाटलं.

बाबा आता रिटायर झालेत. दिवसभर खाटेवर, फोन छातीशी, अंगठा चालू. आईने विचारलं की "बातम्या वाचतोय." एकदा मी मागून डोकावले. तीच तीन चित्रं. घंटासुद्धा नाही, आवाज बंद करून ठेवतात. अ‍ॅपवाल्यांविरुद्ध मी नवं पत्रक लिहिलंय, भस्मासुर एकदाच घातलाय. पण ते ठेवू कुणाच्या चपलेखाली?

मागच्या शनिवारी आईचा संताप झाला. तिने दारातली बाबांची एक चप्पल उचलली आणि पिठाच्या डब्यामागे लपवली. आम्ही दोघी तोंडाला पदर आणि ओढणी लावून वाट बघत बसलो. आता शोधतील, आता ओरडतील, आता लंगडी घालतील.

शनिवार गेला. रविवार गेला. बुधवारी आईनेच ती चप्पल गुपचूप पुन्हा दारात नेऊन ठेवली. बाबांना ती गेल्याचंच कळलं नव्हतं.