आधी कोण घेणार?

फ्लूच्या लशीचे दिवस आले की बेव्हर्ली पार्कच्या आमच्या दवाखान्यात गर्दी होते. मी तिथे नर्स. माणसं सुईला घाबरली की जास्त बोलतात, आणि मी घरी जाते ती डोक्यात किस्से घेऊनच.

*

शेजारच्या बिल्डिंगमधले शहाभाई नुसतं बीपी तपासायला आले. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आपको शुगर है ना? फ्लू का टीका हर साल लेना चाहिए."

"शुगर तो कब की छोड़ दी, मॅडम. चाय भी फीकी पीता हूँ."

मॅडमनी हसू दाबलं. मला काही ते जमलं नाही.

*

डोंगरीची मासेवाली मावशी गरोदर लेकीला घेऊन आली. लशीचं नाव काढताच म्हणाली, "पोटुशीला सुई? न्हाय बा."

मॅडमनी समजावलं, बाळाला सहा महिन्यांच्या आत ही लस देता येत नाही; आईने आत्ता घेतली तर पहिले काही महिने त्यालाही आधार मिळतो.

"एका सुईत दोघं? मंग दे की!"

आता ते बाळ मावशीच्या मांडीवर खेळतं. ते बघितलं की मला परबकाकू आठवतात.

*

परबकाका-काकू मूळचे रत्नागिरीचे, मुलगा-सून कॅनडात. नात चार महिन्यांची असताना गणपतीला येणार होती. सुनेने फोनवर बजावलं, तिच्याजवळ येणाऱ्यांनी लस घेऊन ठेवा. दोघं लगोलग हजर.

मॅडमनी विचारलं, "आधी कोण घेणार?"

"मीच घेणार," काकू म्हणाल्या. "यांना बाळाची मान सांभाळता येत नाही."

काका निमूटपणे बाही वर करून बसले. त्या वर्षी कोणी आलं नाही.

*

पुढच्या वर्षी काकू म्हणाल्या, "मागची फुकट गेली हो."

"फुकट कशी?" मी म्हटलं. "तुमच्या वयाला ही दरवर्षी हवीच. तुमच्यासाठीच आहे."

"माझ्यासाठी कशाला?" काकू पुटपुटल्या. मला फार वाईट वाटलं. त्याही वर्षी येणं रद्द झालं.

*

यंदा दोघं पुन्हा आले. तिकिटं अजून काढलेली नाहीत, पण मुलगा 'बघतो' म्हणालाय. मी काकूंचा डावा दंड पुसायला घेतला.

"उजव्यावर दे गो. डाव्या कडेवर घेईन ना तिला, दंड दुखायला नको."

काका हळूच म्हणाले, "अगं, तिला तिसरं लागलंय. ती आता धावते."

काकूंनी उजवी बाही वर केली.

"धावून दमेल तेव्हा?"