चंद्रम्माची चौकशी

चिटगुप्प्यात बसस्टँडमागं चंद्रम्माचा लहानसा लॉज आहे. नवरा गेल्यावर बाईनं तो एकटीनं चालवला, कुणाच्या बापाला भ्याली न्हाई. खोड एकच. पाव्हणा दारात आला की "कुठलं गाव? कुणाचे तुम्ही?" विचारून कुठंतरी सोयरीक जुळवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. आणि आपल्याकडं ती जुळतेच की हो!

अलीकडं लोक लायसन फोनवरच दाखवायलेत. ते तपासायचं यंत्र लॉजवर बसवून देणाऱ्या महेशकुमारनं तिला बजावलं होतं, "अक्का, कोड स्कॅन करायचा, खूण हिरवी झाली की फोन परत द्यायचा. फोटो काढायचा न्हाई, कुणाला धाडायचा तर मुळीच न्हाई. नियम हाय." ती म्हणाली, "व्हय रे बाबा, मला काय येडी समजायलास?"

त्या सकाळी शैलश्री नावाची बाई आली. दुसऱ्या दिवसापासूनच्या नोकरीच्या प्रशिक्षणाला आलेली, दोन दिवस खोली हवी होती. तिच्या लायसनवर नावापुढं 'करजगी' दिसलं आणि चंद्रम्मा हरखली. करजगी तिचं माहेर! "कुणाची गं तू?" तर शैलश्रीनं ते टाळून खोलीचं भाडं विचारलं. झालं, जित्याची खोड! "थांब, खूण उमटंना," म्हणत चंद्रम्मानं गुपचूप फोटो काढला आणि माहेरी भावाला, बंडेप्पाला धाडला. ही कुणाची लेक?

दुपारी ती भाकरी थापत होती तेव्हा बंडेप्पाचा फोन आला. गडी खुशीत होता.

"अगं, ही आपल्या गावच्या संगमेश्वरची थोरली लेक. लेकराला घेऊन नवऱ्याच्या घरनं पळालेली. त्यो हुमनाबादला असतो, कवाधरनं शोधायलाय बिचारा. मी सकाळीच त्याला फोटो धाडला. लगेच गाडी काढली बघ त्यानं."

 पिठाच्या हातानंच चंद्रम्मा धावत जिना चढली.

"पोरी, ऊठ! तुझा नवरा यायलाय. माझ्यामुळं, गं. मीच फोटो धाडला."

शैलश्री ताडकन उठली. पदर सरकला तसा मानेवरचा भाजल्याचा डाग दिसला, आणि चंद्रम्माला पुढचं काही विचारावं लागलं न्हाई.

"मागच्या दारानं जीपमध्ये बसवते तुला. केसाला धक्का लागू देणार न्हाई."

"अक्का, फोटोत पत्ता दिसतोय का?"

चंद्रम्मानं फोन उघडला. पत्ता दिसत होता. बिदरची गल्ली, घराचा नंबर, सगळं ठळक. शैलश्रीनं मागच्याच महिन्यात तो लायसनवर बदलून घेतला होता. तिथं तिची आई आणि चार वर्षांची लेक राहत होती.

"मग त्यो हिकडं कामून यील, अक्का?"

 चंद्रम्मानं पोलिसांना फोन लावून बिदरचा पत्ता सांगितला. शैलश्री आईला फोन लावत होती. रिंग वाजायची, तुटायची. देवा, उचल की गं म्हातारे, चंद्रम्मा पुटपुटत राहिली.

शेवटी फोन उचलला गेला. आई नव्हती, लेक होती.

"अम्मा," ती आनंदानं ओरडली, "अप्पा आल्यात!"