साडूंना सांगितलेला शेवट

चष्मेवाल्याच्या दुकानात गिऱ्हाइकाचे डोळे तपासून व्हायचे आणि त्याला जपानी सिनेमाही ऐकावा लागायचा. सुटका नव्हती. नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवलेला माणूस पळून पळून जाणार कुठे?

"तिकडे कॅमेरा मांडी घालून बसतो," भिंग बदलता बदलता तो सांगायचा. "घरातला म्हातारा बसेल ना, तेवढ्याच उंचीवर. माणसं खोलीतून निघून जातात, तरी हा उठत नाही. रिकामी खोली बघत बसतो. आपण काय करतो? माणूस गेला की दिवा बंद करून मोकळे. खालची ओळ वाचा." मग तलवारीच्या सिनेमांची पाळी. "दोघं समोरासमोर उभे राहतात ते राहतातच. शिवी नाही, आरडाओरडा नाही. आणि मग एकच वार. आता कसं दिसतंय?" गिऱ्हाईक घाईघाईने म्हणायचं, स्पष्ट दिसतंय.

मन लावून ऐकणारा माणूस त्याला जगात एकच मिळाला होता, तो म्हणजे साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. विमा विकणारा, गोड बोलून समोरच्याला खिशात घालणारा. दर रविवारी दुपारी दोघं वाचनालयाच्या हॉलमध्ये फिल्म क्लबचा सिनेमा बघायला जायचे. म्हणजे बघायचा चष्मेवाला. साडूबुवा दिवे गेले की झोपायचे. पण काय ती झोप! पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, घोरणं नाही. लोकांना वाटायचं, गृहस्थाची समाधी लागली आहे. बाहेर पडल्यावर ते विचारायचे, "मग, काय म्हणता?" आणि घर येईपर्यंत चष्मेवाला मनातलं सगळं त्यांच्यापुढे ओतायचा. खरं सांगायचं तर आठवडाभर तो त्या परतीच्या वाटेसाठीच जगायचा.

आणि याच माणसाने घात केला. सिनेमाआधी चार शब्द बोलायला क्लबने साडूंना उभं केलं. जपानी सिनेमाचे गाढे जाणकार म्हणून! मागच्या रांगेत बसलेल्या चष्मेवाल्याच्या कानावर आलं, "मित्रहो, तिकडे कॅमेरा मांडी घालून बसतो." पुढे म्हातारा, रिकामी खोली, दिवा, सगळं जसंच्या तसं. चष्मेवाल्याचं नाव मात्र चुकूनसुद्धा नाही. टाळ्या पडल्या आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पुढे दर रविवारी तेच होत राहिलं.

"अहो, सिनेमाबद्दलच बोलले ना ते?" बायको म्हणाली. "तुमची किडनी तर नाही ना काढून घेतली?"

"किडनी घेतली असती तर चाललं असतं. एक शिल्लक राहते."

तो भांडायला गेला नाही. साडूंशी नेहमीसारखा हसून बोलत राहिला आणि आतल्या आत धुमसत राहिला. एकच वार करायचा होता, पण असा, की हा माणूस पुन्हा त्या माइकपुढे उभा राहता कामा नये.

संधी साडू स्वतःच घेऊन आले. क्लबच्या वर्धापनदिनाला एक जुना सिनेमा पुन्हा दाखवणार होते. त्यात एका नावाडी बाईचा मुलगा गिरणीमालकामुळे बुडतो. ती सूड घ्यायचा म्हणून जन्मभर थांबते. शेवटी त्याच्या दारात पोचते, तर तो अंथरुणाला खिळलेला, तिला ओळखतसुद्धा नाही. ती त्याला पाणी पाजते आणि निघते. लांबलचक रस्ता, तिची पाठ, ती लहान लहान होत जाते. वळत नाही. एकदाही वळत नाही. या न वळण्यावर चष्मेवाल्याचा जीव होता. पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो हॉलच्या पायरीवर बसून रडला होता. साडू तेव्हा अर्थातच झोपले होते.

"शेवटाबद्दल काहीतरी जोरदार सांगा की," दुकानातल्या स्टुलावर टेकत साडू म्हणाले.

चष्मेवाला काच पुसत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "शेवटी ती वळते, साडूभाऊ. आणि हसते. तिचा सगळा सूड त्या हसण्यात आहे."

"व्वा!" साडूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

वर्धापनदिनाला हॉल गच्च भरला. साडू बोलायला उभे राहिले आणि, शेवटी ती वळून हसते बघा, असं सांगून त्या हसण्यापाशी थांबले. "मित्रहो, आजवर मी इथे जे जे बोललो, ते माझं नाही. ते माझ्या साडूंचं आहे. हे हसणंही त्यांनीच मला दाखवलं. आज त्यांना इथे, पहिल्या रांगेत बसवा."

आजच सुचलं या माणसाला! इतके रविवार काय तोंडात गुळणी धरली होती? टाळ्यांच्या गजरात लोकांनी चष्मेवाल्याला पुढे नेऊन साडूंशेजारी बसवलं. त्याला उठून सांगून टाकावं असं वाटत होतं, पण दिवे गेले.

शेवटचा रस्ता आला. पडद्यावर बाई चालू लागली आणि हॉलमधला एकूण एक माणूस पुढे सरकून बसला. तिची पाठ कोणी बघतच नव्हतं. सगळे ती वळण्याची वाट बघत होते. जिवापाड जपलेल्या त्या क्षणाची चष्मेवाल्याने स्वतःच्या हाताने माती केली होती. बाई ठिपक्याएवढी झाली. पडदा पांढरा झाला. दिवे लागले.

साडू दचकले. जवळ सरकून ओशाळलेल्या आवाजात कुजबुजले, "आज जागायचं असं ठरवलं होतं हो. पण ऐन वेळी डोळा लागला वाटतं. हसली ना ती?"

ते खरोखर झोपले होते की जागेपणी जे दिसलं नाही त्याचा दोष स्वतःच्या झोपेला देत होते, हे चष्मेवाल्याला कळेना. खरं बोलायला अजून वेळ होता. पण इतक्या रविवारांचा राग उसळून आला आणि तोंडून निघालं, "हसली."

"तरी म्हटलं, तुमचं कसं चुकेल!" साडू उठले, हॉलकडे वळले आणि आनंदाने ओरडले, "पाहिलंत मित्रहो? कशी हसली!"

साडू एकटेच टाळ्या वाजवत होते. त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. सगळा हॉल चष्मेवाल्याकडे बघत होता.