आमच्या आत्याचा पदर

मंडळी, आज सकाळी नातवानं घरच्या ग्रुपवर आमच्या मंजुळाआत्याचे चार जुने फोटो टाकले आणि माझं डोकंच फिरलं. इंग्रजांच्या काळातले, लग्नाबारशातले फोटो. आत्या तेव्हा साठी उलटलेली, आणि चारही फोटोंत तोंडाला पदर. खाली ह्यानं लिहिलं, ‘जुन्या काळची लाजरी बाई.’

लाजरी? कुरवंड्याहून दुधाची कळशी डोक्यावर घेऊन ती रोज लोणावळ्याच्या बंगल्यांवर जायची. मी पोरगी तिच्या मागं मागं. एकदा साहेबाचा कुत्रा अंगावर आला, तर तिनं कुत्र्यासकट साहेबाला झापलं होतं.

नातवाला म्हटलं, "आरं, तिच्या तोंडात सदा मशेरी. फोटोवाला म्हणायचा हलू नका. मग थुंकायची कुटं? म्हणून पदर."

"आजी, असलं ग्रुपवर नको लिहूस. सगळ्यांना आवडलेत फोटो."

पाचवा फोटो त्यानं मुद्दामच वगळला होता. बरा दिसत नाही म्हणे. त्यात पदर खाली आहे आणि आत्या काळे दात दाखवत खदखदा हसतेय.

तिला पाहिलेली आता मी एकटीच उरले. म्हणून तो फोटो मीच इथं, माझ्या पानावर टाकलाय. आता तुम्हीच सांगा, लाजरी दिसते का ही?