कुत्र्याच्या घराची पायाभरणी

होळीच्या आधीचा रविवार. ठिकाण, सांगलीकडचा आमचा मळा. हजर: आण्णा म्हणजे माझे वडील, गवंडी, मी आणि साताऱ्याहून मांडीवर बसवून आणलेलं पिल्लू. धाकटा भाऊ आणि भावजय दुपारी आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

आई गेल्यापासून आण्णा मळ्यात एकटेच राहतात. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, साताऱ्यात माझ्याकडे करमत नाही आणि सांगलीत भावाकडे तर जातच नाहीत. गेल्या पावसाळ्यात विहिरीच्या वाटेवर पाय घसरून पडले, ते सकाळी म्हशीचं दूध न्यायला दूधवाला येईपर्यंत तिथेच. कुत्रं असतं तर भुंकून भुंकून शेजारची वस्ती तरी जागी केली असती. म्हणून पिल्लू आणलं. आण्णा कुत्र्याला घरात घेणार नाहीत, म्हणून बाहेर घर.

काम करायचं तर नीट करायचं. जागा आंब्याखाली, पाठ गोठ्याच्या भिंतीला, तोंड पूर्वेला, म्हणजे पावसाची झड आत येणार नाही. उसाला पाणी सोडलं की अंगणात ओल येते, म्हणून जमीन वीतभर उंच. तीन बाजूंनी विटा, समोर जाळी, वर उतरता पत्रा.

गवंड्याने फक्कीने रेघा मारल्या आणि पहार बाजूला ठेवून उकिडवा बसला.

"नारळ आणलाय न्हवं?"

"कुत्र्याच्या घराला?"

"आक्का, घर कुणाचंबी आसूं द्या. भुईत पहार घालायची म्हंजी नारळ पायजेच. त्याबिगार मी हात लावत न्हाई."

आण्णा हसत उठले आणि देवघरातला नारळ घेऊन आले. त्यांना हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं. दगडाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, सांडलेलं पाणी पिल्लाने चाटून घेतलं. मी फोटो काढला आणि घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'पायाभरणी झाली.' झालेलं काम कळवायची मला सवयच आहे.

भाऊ आला तेव्हा भिंती गुडघ्यापर्यंत आल्या होत्या. पिल्लाकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

"आक्का, ह्ये काय चाललंय?"

"कुत्र्याचं घर."

"कुत्र्याला पाया लागतोय व्हय? त्योबी नारळ फोडून? आता वास्तुशांतीला जेवाण घाल गावाला."

भावजय गाडीला टेकून उभी होती. "आमच्या घराच्या पायाभरणीला वन्संना सवड न्हवती. हितं बरी गावली."

"ते जाऊ दे," भाऊ म्हणाला. "मळ्याची वाटणी अजून झाल्याली न्हाई. त्यात पक्कं बांधकाम म्हंजी काय, ते मला कळतंय. आदी हक्कसोड कर, मग कुत्र्याला माडी बांध की."

हक्कसोड म्हणजे बहिणीने जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याचा कागद. आमच्याकडे बहिणी तो करून देतात, भाऊ साडी नेसवतो, आणि त्याला माया म्हणतात. मीही करून दिला असता. त्या जमिनीतली मूठभर मातीसुद्धा मला नको होती. पण भावाने ते कधी विचारलं नव्हतं. विचारायची वेळ आली ती कुत्र्याच्या विटांपाशी.

मी आण्णांकडे पाहिलं. ते विटेवरचा सुकलेला माल नखाने खरवडत होते. पिल्लू त्यांच्या चपलेचा पट्टा चावत होतं.

"सही करून टाक की, पोरी," ते म्हणाले. "कुत्र्यावरनं भांडाण कशाला? लोकं हसत्याली."

आण्णा पडले तेव्हा दवाखान्यात त्यांच्या उशाशी कोण होतं, हे मला तिथे विचारता आलं असतं. भाऊ हजर, भावजय हजर, ऐकायला गवंडीही होता. नाही विचारलं. उत्तर आण्णांना माहीत होतं, आणि माहीत असूनच ते तसं बोलले होते.

"पत्रा चढवू का न्हाई, आण्णा?" गवंड्याने विचारलं.

"न्हाई," भाऊ म्हणाला.

आण्णांनी चपलेचा पट्टा पिल्लाच्या तोंडातून सोडवला. गवंड्याने बादलीत थापी धुतली, हात धुतले, सायकल काढली. भावजयीने चहा केला. आण्णांनी भावाबरोबर ओट्यावर बसून तो घेतला. मी पिल्लाची भाकरी दुधात कुस्करून ठेवली, त्याच्या लसीची तारीख आण्णांच्या दारावर आतून खडूने लिहिली आणि फाट्यावर जाऊन एसटीची वाट बघत बसले.

आता आण्णांशी फोनवर बोलणं होतं ते पिल्लापुरतंच. खातंय, वाढतंय, लय भुंकतंय. आण्णांनी भिंतींवर खताची पोती ताणून बांधलीत. वारा सुटला की ती उडतात आणि पिल्लू गोठ्यात म्हशीच्या पायाखाली जाऊन बसतं. भावाचे निरोप येतात, सहीला कधी येतेस म्हणून. मी सही केली तर दुसऱ्या दिवशी गवंडी येईल, हे मला माहीत आहे. जमीन मला अजूनही नको आहे. तरीही जात नाही. भाऊ बोलला ते मी विसरेन, आण्णा बोलले ते विसरता येत नाही.

ऊन वाढत चाललंय. पत्रा चढवायचा राहिला आहे.