ऊब हाय का बघू

लॅपटॉप टेबलावर ठेवला की ताई आधी चार्जर लावायच्या, मग त्याच्या पाठीवर तळवा ठेवायच्या. तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. चष्मा केसांत, डोळे मिटलेले. "ऊब हाय. म्हंजे जीव हाय," असा निकाल लागला की समोरचा पावणा श्वास सोडायचा. मंडळी, तुम्हीही सोडला असता.

उचगावातलं त्यांचं लॅपटॉप-दुरुस्तीचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली, मागं गोठा. लॅपटॉप उघडा टाकून मध्येच धारेला जायच्या आणि हात धुऊन पुन्हा स्क्रूला भिडायच्या. म्हशी आणि मशीन, दोघांशी एकाच आवाजात बोलायच्या. नियम एकच: "यातलं काय वाचवू? एकच सांगा."

"सगळंच," म्हणणाऱ्याला उत्तर ठरलेलं. "सगळं म्हंजे कायबी न्हाय. च्या प्या, इचार करा."

माझ्या बायकोचाही एक नियम होता. घर सोडताना सगळी बटणं बंद. ती गेल्यावर मी तो इतका पाळला की ती असताना पाळला असता तर तिला झीटच आली असती! तर लॅपटॉप नवी सिस्टिम घेत होता, पडद्यावर चक्र फिरत होतं. मी दूध आणायला निघालो आणि आज्ञाधारकपणे सगळी बटणं बंद केली, चार्जरचंही. लॅपटॉपची बॅटरी कधीच स्वर्गवासी झाली होती. परत आलो तर पडदा काळाठिक्कर.

"काय केलासा हो?" ताईंनी विचारलं.

"बायकोचं ऐकलं."

"मग तिलाच घिऊन यायचं की!"

"ती गेली."

चहा ओतणारा त्यांचा हात थांबला नाही. आवाज तेवढा उतरला. "एकच सांगा."

"लेकीच्या हळदीचा व्हिडिओ. त्यात हिचा आवाज आहे. बाकी गेलं तरी चालेल."

ताईंनी तळवा ठेवला, मग आतली डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली. "घर पडल्यालं न्हाय. म्होरल्या दाराची कडी मोडलीया. मी खिडकीतनं शिरती."

थोड्या वेळानं खोलीत हलगी वाजली. पिवळ्या तोंडाची लेक दिसली आणि मागून बायको कडाडली, "अहो, निघताना बटणं बंद केलीत ना?"

मलकापूरहून आलेलं एक गिऱ्हाईक खो खो हसलं. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं. मला ते छान जमतं. आत मात्र काही हललं नाही. दात काढताना ओठ बधिर होतो, तसा मी अख्खाच झालो होतो.

ताई हसल्या नाहीत. "परत लावू?"

"नको."

त्यांनी व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घातला आणि माझ्या मुठीत दिला. "आजच ऐकाय पायजे असं न्हाय. आता ती कुठं जात न्हाय."

तो मी अजून लावलेला नाही.

ताईंनी तेव्हा सुरू करून दिलेला लॅपटॉप परवा पुन्हा नवी सिस्टिम मागायला लागला. या खेपेला आधीच ताईंना विचारू म्हणून गेलो. शटर बंद. शेजारचा गिरणीवाला पीठ झटकत म्हणाला, "ताई गेल्या की, पावणं. म्हशी दिरानं नेल्या."

लॅपटॉप काखेत धरून मी शटरवर तळवा ठेवला. दुपारचं ऊन पडलं होतं त्यावर.

ऊब होती. निकाल सांगायला कुणी नव्हतं.