ताईची निवडणूक

माझी ताई इंग्लंडमधल्या एका लहान गावात कौन्सिलच्या निवडणुकीला उभी राहिली, तेव्हा मी शारजात, अल नहदाला राहत होते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. नवरा रोज गाडीने दुबईला जायचा, मी एका शिपिंग कंपनीत डॉक्युमेंटेशन बघायचे. निवडणूक म्हणजे आमच्यासाठी टीव्हीवरची बातमी. इथे आम्हाला मत नव्हतंच, आणि पुण्याच्या मतदारयादीतून आमची नावं कधी उडाली ते आम्हाला कळलंही नव्हतं.

ताईला लग्न होऊन तिकडे जाऊन वीसेक वर्षं झाली होती. भाऊजी हॉस्पिटलात डॉक्टर, ती प्राथमिक शाळेत मदतनीस. शाळेसमोरून मोठा रस्ता जायचा. त्या रस्त्यावर तिच्याच वर्गातल्या एका मुलीला व्हॅनने उडवलं. मुलगी वाचली, पण पायाने कायमची अधू झाली. तिथे सिग्नल हवा म्हणून ताईने सह्या गोळा केल्या, कौन्सिलच्या ऑफिसात खेटे घातले. दर वेळी उत्तर एकच, बजेट नाही. शेवटी ती स्वतःच अपक्ष उभी राहिली.

"वेड लागलंय का तुला?" मी फोनवर म्हणाले.

"अगं, सगळे ओळखतात मला इथे. अर्ध्या वॉर्डातल्या पोरांच्या नाड्या मी बांधल्यात."

"आणि भाऊजी काय म्हणतात?"

"ते म्हणतात, इतकी वर्षं मान खाली घालून नीट राहिलो, आता कशाला डोकं वर काढतेस." असं म्हणून ती हसली. लग्नानंतर तिचं असं मोकळं हसू मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पुढचे काही आठवडे तिच्या आवाजात काही निराळंच होतं. शाळा सुटली की ती पत्रकं घेऊन दारोदार जायची. कोण काय बोललं, कुणी चहा दिला, कुणाचा कुत्रा अंगावर आला, सगळं मला सांगायची. मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले. आमचा केरळी अकाउंटंट म्हणाला, "मॅडम, जीत गयी तो पार्टी चाहिए." मी म्हणाले, "इन्शाल्ला."

मतदान गुरुवारी झालं. मोजणी रात्रभर चालणार आणि निकाल शुक्रवारी पहाटे, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी. मी सकाळीच श्रीखंड करून ठेवलं होतं. दुपारी फोन लावला तर तो भाऊजींनी उचलला.

"शेवटची आली," ते म्हणाले. "मतं अगदीच थोडी पडली. आता झोपलीय. तिला उठवत नाही."

श्रीखंडाचं पातेलं फ्रीजमध्ये तसंच राहिलं. लेकीने विचारलं, "डिड मावशी विन?" मी नाही म्हणाले. ती "ओह" म्हणाली आणि आत गेली.

महिन्याभराने ताई रजा टाकून आमच्याकडे आली. दुबई एअरपोर्टवर मी तिला आधी ओळखलंच नाही. गाल बसले होते, केस विंचरलेले नव्हते. आमच्याकडे बाहेर पाऊल टाकवणार नाही इतकं ऊन, त्यामुळे ती दिवसभर पडदे ओढून एसीखाली बसून राहायची. जेवायला हाक मारली की यायची, दोन घास खायची.

एका संध्याकाळी नवरा तिची समजूत घालायला गेला. "ताई, खलास. झालं ते झालं. आम्हाला बघा, इथे मत मागायची सोयच नाही. कटकट नाही."

"तुमचं बरं आहे," ती म्हणाली. "तुम्हाला कुणी नको म्हटलेलं नाही. कारण तुम्ही कधी विचारलेलंच नाही."

तो उठून आत गेला. मग ताई माझ्याशी बोलली. शेजारच्या आजींना ती कित्येक वर्षं दवाखान्यात नेत होती. त्या आजींच्या खिडकीत दुसऱ्याच उमेदवाराचा कागद लागला होता. आजी प्रेमानेच म्हणाल्या, तू फार गोड आहेस गं, पण तिथे आमच्यातलं कुणी बसलेलं बरं.

"त्याचं मला एवढं वाटलं नाही," ताई म्हणाली. "तेवढं गृहीत धरून चालले होते मी. पण त्या मुलीची आई..."

मी पाणी आणून दिलं.

"मतदानाच्या आदल्या दिवशी मी तिच्या दारात गेले. वाटलं, हे घर तरी माझं आहे. तिने दार उघडलं, पण अर्धंच. म्हणाली, माझ्या मुलीच्या पायावर मतं मागू नकोस. आणि दार लावून घेतलं."

"तू तसं कुठे केलंस?"

"नव्हतं केलं? पत्रकात पहिलंच वाक्य त्या मुलीवर होतं."

मी तिला जवळ घेतलं. तिने हात सैल सोडले होते, ती रडलीही नाही.

परत गेल्यावर तिने शाळेची नोकरी सोडली. दोनेक वर्षांनी तिथे खरोखर सिग्नल बसला. निवडून आलेल्या माणसाचा मुलांबरोबरचा फोटो तिथल्या पेपरात छापून आला. भाऊजींकडून हे कळलं आणि मी आनंदाने ताईला फोन केला.

"बघ, तुझ्यामुळे झालं ना शेवटी?"

"मी त्या रस्त्याने जात नाही," ती म्हणाली. त्यानंतर तो विषय आमच्यात कधी निघाला नाही.

पुढेही दर शुक्रवारी मी फोन करत राहिले. ती हवा कशी आहे ते सांगायची, आमच्याकडच्या उन्हाची चौकशी करायची. मी विचारायचे, "बाहेर पडतेस ना?"

"पडते की. कचरा ठेवायला."

मग भाऊजी फोन घ्यायचे, आणि आम्ही दोघं पेट्रोलचे भाव, मुलांचे मार्क असं काहीतरी उगाच मोठ्या आवाजात बोलत राहायचो.